अंडं बुडलं

अनुमान

साध्या पाण्यात अंडं बुडतं. मिठाच्या पाण्यात अंडं तरंगतं.

अनुमान वहीत सगळ्यात शेवटी येतं, हे मला माहीत आहे. सतरा वर्षं मी मुलांना तेच सांगतो: साहित्य, कृती, निरीक्षण आणि मग अनुमान. तरी मी ते आधी लिहिलं, कारण आम्ही ते नेहमी आधीच लिहीत आलो. बी.एस्सी.ला आमच्या प्रयोगशाळेत लंबकाचा दोरा होता. त्याला कोळ्यानं जाळं केलं होतं आणि ते जाळं परीक्षेपर्यंत तसंच राहिलं. आम्हा अठ्ठावीस जणांच्या वह्यांत मात्र लंबकाचे वीस-वीस झोके मोजलेले होते. उत्तर आदल्या वर्षाच्या वहीतून घ्यायचं आणि त्यावरून आकडे मागे मागे काढत जायचे. एखादा आकडा मुद्दाम जरासा चुकवायचा, म्हणजे सरांना खरं वाटतं. सरांनाही ते ठाऊक होतं. त्यांनीही त्यांच्या वेळी तेच केलं होतं.

मला पंचविसातले बावीस मिळाले. मी हुशार होतो.

या वेळी उत्तर मी वहीत लिहिलं नाही. माझ्या मुलीच्या तोंडात ठेवलं. ती सहा वर्षांची आहे.

साहित्य

१. काचेची बरणी, लोणच्याची, धुतलेली.
२. पाणी.
३. मीठ, दोन पुडे.
४. लांब दांड्याचा चमचा.
५. मुलगी, एक. नाव पुष्पांजली, हाक अंजू. इयत्ता पहिली.
६.

सहाव्यापाशी मी थांबलो. आमचं घर माळकरी. माझे वडील उकंडराव यांच्या गळ्यात चाळीस वर्षांपासून तुळशीची माळ आहे, आणि आमच्या उंबऱ्याच्या आत अंडं कधी आलेलं नाही. त्याचं नावही घरात कुणी घेत नाही. बोलण्यात आलंच तर बाबा नुसतं 'ते' म्हणतात. म्हणून सहाव्या क्रमांकावर मी लिहिलं: बटाटा, सरावापुरता.

बटाटाही साध्या पाण्यात बुडतो आणि भरपूर मीठ घातलं की वर येतो. सगळा पाठच बटाट्यावर घेतला असता तर काही बिघडलं नसतं. पण 'खेळातून विज्ञान' म्हणून जी पुस्तिका आमच्या केंद्राला आली होती, तिच्यात अंड्याचं चित्र होतं, आणि चित्रातलं सोडून दुसरं काही करायची माझी छाती नाही. केंद्रातल्या सगळ्या शाळांच्या शिक्षकांसमोर एक नमुना पाठ घ्यायचा होता. पहिलीतलं एक मूल, त्याच्या हातात वस्तू, बारा मिनिटं. त्याचा व्हिडिओ निघणार होता, आणि पाठ चांगला झाला तर बुलढाण्याला, जिल्ह्याच्या कार्यक्रमात जाणार होता. केंद्रप्रमुख गोपाल सरांनी माझं नाव घेतलं, कारण माझ्या नोंदी आणि दप्तरं नीट असतात.

पहिलीत माझ्याकडे एकोणीस मुलं आहेत. त्यांतलं एखादं उभं करायचं तर ते ऐनवेळी काय बोलेल याचा नेम नाही. अंजूचं पाठांतर चांगलं आहे.

कृती

पहिल्या संध्याकाळी मी अंगणात मोठं पातेलं भरून ठेवलं आणि तिला म्हणालो, टाक काय टाकायचं ते.

तिनं लिंबू टाकलं, कांदा टाकला, पोळ्याचा मातीचा बैल टाकला. बैल तळाशी गेला आणि विरघळायला लागला, तर रडली नाही. तो पाणी पिऊन राह्यला, म्हणाली. मग चप्पल, मग दाराचं कुलूप. कुलूप दगडासारखं खाली गेलं. तिनं ते बाहेर काढलं, वाटीत ठेवलं आणि वाटी पाण्यावर सोडली. वाटी डुलली, पण बुडली नाही. तिनं कुलूप पुन्हा बाहेर काढलं, नुसतं सोडलं, बुडलं. पुन्हा वाटीत ठेवलं, नाही बुडलं. असं पाच-सहा वेळा केलं. दर वेळी पातेल्यावर इतकी वाकायची की केसांची टोकं भिजत होती.

"पप्पा, वाटीत बसलं का त्याले भेव नाही लागत," ती म्हणाली.

मी घड्याळ पाहिलं. पंचवीस मिनिटं झाली होती. पाठ बारा मिनिटांचा होता.

दुसऱ्या संध्याकाळपासून फक्त बटाटा.

हा तर बटाटा हाये, असं ती म्हणाली. मी म्हणालो, अंडं समज. तिनं मान हलवली. मुलं समजतात. मी विचारणार, काय झालं अंड्याचं? तिनं म्हणायचं, अंडं बुडलं, सर. घरी मी पप्पा, पण तिथं सर. 'डुबलं' नाही, 'बुडलं'. मग मी मीठ घालणार, ढवळणार आणि विचारणार, आता? तिनं टाळी वाजवून म्हणायचं, अंडं तरंगलं, सर. टाळी पुस्तिकेत नव्हती, ती माझी.

चौथ्या की पाचव्या संध्याकाळी ती मध्येच म्हणाली, "पप्पा, अंडं बुडत नाही, निजते. आन् कधी कधी ना..."

मी तिला थांबवलं. बुडलं म्हण, म्हणालो. तिनं म्हटलं.

सातव्या संध्याकाळी बटाटा अजून माझ्या हातात होता, पाण्याला लागलाही नव्हता, आणि ती म्हणाली, अंडं बुडलं, सर.

मी तिला शाब्बास म्हणालो. पाठीवर थापही दिली.

कृती, पुढे चालू

आमच्या मागच्या भिंतीला लागून चांदबीचं घर आहे. तिच्या चौदा कोंबड्या आहेत; त्यांतल्या दोन तर आमच्याच भिंतीवर बसून असतात. मागितलं असतं तर तिनं त्याच घडीला अंडं काढून दिलं असतं. पण तिच्या दारापासून आमच्या दारापर्यंत बावीस पावलं गल्ली आहे, आणि शेवटच्या पावलावर आमच्या ओट्यावर बाबा बसलेले असतात. हातात अंडं घेऊन ती बावीस पावलं चालायची मला लाज वाटली. चाळीस ओलांडलेला माणूस, विज्ञानाचा शिक्षक.

पाठाच्या आदल्या दिवशी मी शाळेच्या स्वयंपाकखोलीत गेलो. पोषण आहारात मध्यंतरी अंडी आली होती. स्वयंपाक करणाऱ्या बेबीताईंनी मांडणीच्या वरच्या फळीवरून दोन काढून दिली. दिवाळीच्या सुट्टीआधीची ती उरलेली होती आणि आता डिसेंबर चालू होता. बेबीताई म्हणाल्या, खायचे नाहीत हो सर हे, फेकायचे हायेत. मी म्हणालो, खायला नकोत, प्रयोगाला हवीत. त्यावर त्या हसल्या. प्रयोगाले काय सडकं बी चालते का, म्हणाल्या.

मी म्हणालो, अंडं ते अंडं.

दोन्ही रुमालात गुंडाळून मी शाळेच्याच कपाटात ठेवली. घरी नेली नाहीत.

निरीक्षण

(ही जागा नंतर भरतो.)

व्हिडिओ

व्हिडिओ अकरा मिनिटं चाळीस सेकंदांचा आहे. मी तो इतक्यांदा पाहिला आहे की वेळेसकट सांगू शकतो.

३:५० मी बरणी उचलून दाखवतो. पाणी आमच्या शाळेच्या हातपंपाचं.

४:१० मी अंडं उचलून दाखवतो. समोर सतरंजीवर बेचाळीस शिक्षक. अंजूला दोन वेण्या, लाल रिबिनी.

४:२२ मी चमच्यानं अंडं पाण्यात सोडतो. ते थोडं खाली जातं. मग वर येतं. त्याचा रुपयाच्या नाण्याएवढा भाग पाण्याबाहेर राहतो आणि ते तसंच, हळूहळू स्वतःभोवती फिरत राहतं.

४:२५ मी ते पाहतो. माझ्या चेहऱ्यावर काही दिसत नाही. मला वाटलं होतं दिसेल.

४:२६ अंजू ते पाहते. आधी अंड्याकडे, मग माझ्याकडे.

या ठिकाणी मी थांबू शकलो असतो. बारा मिनिटांतली सात मिनिटं उरली होती. मी म्हणू शकलो असतो की अरे, हे तर तरंगलं, काऊन बरं? त्याहून चांगला पाठ त्या सतरंजीवर झाला नसता. पण वाक्य नऊ दिवसांपासून जिभेवर होतं आणि ते आपोआप बाहेर पडलं.

४:२९ "काय झालं अंड्याचं?"

४:३१ "अंडं बुडलं, सर."

४:३३ टाळ्या.

तिच्या त्या पाहण्यात प्रश्न नव्हता. भीतीही नव्हती. आईच्या हातातलं ओझं पाहून मूल जसं न सांगता पिशवीचा एक बंद धरतं, तसं ते होतं. तिनं मला सावरून घेतलं. मी सावरलो. मग दोन पुडे मीठ घालून ढवळलं आणि विचारलं, आता? आधीच तरंगणारं अंडं तरंगतच होतं. तिनं टाळी वाजवली.

गोपाल सर तिच्या उच्चारांवर खूश झाले.

खारं पाणी

चहाच्या वेळी शेजारच्या शाळेच्या पूनम मॅडम माझ्याजवळ आल्या. कप हातात धरून, दुसरीकडे पाहत, हळूच म्हणाल्या की सर, तुमच्या गावचं पाणी फार खारं आहे नाही?

मी हो म्हणालो. बाईंनी पळवाटेचं दार उघडून धरलं आणि मी त्यातून बाहेर पडलो. आमचं गाव सोनाळ्याच्या खालच्या अंगाला, खारपाण पट्ट्यात आहे. हातपंपाचं पाणी तोंडात धरवत नाही, त्यात चहा नासतो. प्यायला गावात कॅनचं पाणी येतं. मी त्यांना हे सगळं सविस्तर सांगितलं. पाण्यात क्षार जास्त असले की वस्तू कशी तरंगते, तेही सांगितलं. त्या मान हलवत राहिल्या. आपण एका माणसाला मदत केली असं त्यांना वाटलं असावं.

दोन दिवस मी त्या खाऱ्या पाण्यावर काढले. रविवारी दुपारी बाबा मंदिरात गेले, बायको जयमाला माहेरी होती, तेव्हा मी शाळेतून दुसरं अंडं आणलं. घरामागं, उकिरड्याजवळ, कॅनच्या गोड पाण्यानं बादली भरली आणि अंडं सोडलं.

तरंगलं.

कारण मला माहीत आहे. अंड्याच्या कवचाला दिसणार नाहीत एवढी बारीक छिद्रं असतात. दिवस जातात तसं आतलं पाणी उडतं आणि हवेची जागा वाढते. आकार तेवढाच राहतो आणि वजन कमी होतं. हे मी सातवीला शिकवतो. हातात घेतलेलं अंडं जुनं आहे की ताजं, हे पाहायचं असतं, एवढंच मला माहीत नव्हतं.

मी ते उकिरड्यावर फोडलं. वास दोन दिवस राहिला.

तिसऱ्या दिवशी गोपाल सरांचा फोन आला की पाठ जिल्ह्याला निवडला गेला आहे. पोरीला घेऊन पुढच्या बुधवारी बुलढाण्याला यायचं, मंचावर पुन्हा तसंच करून दाखवायचं. अंडं कोणतंही असो, ती तसंच म्हणेल, याची मला खात्री होती. आनंद व्हायला हवा होता.

चांदबी

व्हिडिओ गावातही फिरला. चांदबीनं तो तिच्या मुलाच्या, फारुखच्या, फोनवर पाहिला आणि संध्याकाळी मागच्या भिंतीवरून मला हाक मारली.

पोरगी छान बोलली, म्हणाली. मग थोडं थांबून, "पन सर, ते अंडं तर पोहून राह्यलं होतं. फारुखनं बोटानं मोठं करून दाखवलं मले."

मी म्हणालो, आपलं पाणी खारं आहे ना.

चांदबी हसली. "याच पान्यात तीस साल झाले अंडे पाहून राह्यली मी. पान्याचं नाव नोका घेऊ, सर."

कोंबडी खुडूक बसली की तिच्याखाली ठेवायची अंडी चांदबी पाण्यात पाहते. आडवं पडून राहिलं तर ताजं, त्याला ती निजलं म्हणते. टोकावर उभं राहिलं तर जुनं. खाण्याला चालतं, पिल्लाचा भरवसा नाही. पोहलं तर नासलं. तीन गोष्टी. त्या तिला तिच्या सासूनं दाखवल्या. हे तिनं मला भिंतीपलीकडून, हातवारे करत, मी पहिलीत असल्यासारखं समजावून दिलं.

मग म्हणाली की अंजूला विचारा, तिला सगळं येतं.

अंजूला? मी म्हणालो.

शाळा सुटल्यावर अंजू रोज तिच्या खुराड्यापाशी असते, हे मला चांदबीकडून कळलं. चांदबीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. खुराड्याच्या अंधारात पातेल्याचा तळ तिला दिसत नाही. म्हणून या खेपेला कोंबडीखाली ठेवायची अकरा अंडी अंजूनं पाहिली. एकेक पाण्यात सोडायची, गुडघ्यांवर हात ठेवून पाणी शांत होईपर्यंत थांबायची आणि सांगायची. चांदबी म्हणाली, मी तिला काही शिकवलं नाही. मला दिसत नव्हतं, मी विचारायची, ती सांगायची.

"एक सांगू? राग नोका मानू. माह्यापाशी ती कधी खोटं नाही बोलली. अकरातलं एकबी सडकं नाही निघालं." आणि मग खालच्या आवाजात, "घरी नोको सांगू आजी, म्हने. आबा रागावतीन." आबा म्हणजे माझे बाबा.

चांदबीनं कधीच काही माहीत नसल्याचं नाटक केलं नव्हतं. तिला खरंच उत्तर हवं होतं. मी सतरा वर्षांत वर्गात एकही असा प्रश्न विचारलेला नाही ज्याचं उत्तर मला माहीत नव्हतं.

अंजूचं

ती ओसरीवर पाटीवर कोंबडी काढत होती. मी शेजारी बसलो. मग विचारलं की त्या दिवशी, सगळ्या सरांसमोर, बरणीत अंड्याचं काय झालं होतं.

तिनं पेन्सिल थांबवली. माझ्या तोंडाकडे पाहिलं, अगदी चार सव्वीसला पाहिलं होतं तसं.

"कोनतं म्हनू, पप्पा? तुमचं का चांदबी आजीचं?"

मला तिला म्हणायचं होतं की दोन नसतात. अंड्याचं एकच असतं. पण गेले दोन आठवडे मीच तिला शिकवत होतो की दोन असतात, आणि मोठ्यांसमोर कोणतं काढायचं.

मी म्हणालो, कोंबडी छान काढली आहेस.

दक्षता

१. अंडं ताजं असावं.

२. मी गोपाल सरांना फोन केला आणि सांगितलं की पाठ पाठवू नका, त्यात अंडं तरंगलं आहे. ते म्हणाले, मला माहीत आहे. व्हिडिओत अंडं कोण पाहतं सर, लोक पोरीला पाहतात. आणि आता नाव वर गेलं आहे, तेव्हा नाही म्हणायचं तर कारण लेखी द्या. मी कागद घेतला आणि लिहिलं: मुलगी आजारी असल्यामुळे. अक्षर छान आलं होतं. सही करायच्या आधी तो फाडला.

३. मग केंद्राच्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर लिहिलं: माझ्या पाठात अंडं साध्या पाण्यातच तरंगलं होतं. ते जुनं होतं. मुलीनं तिला दिसलं ते सांगितलं नाही, मी पाठ करून घेतलेलं वाक्य सांगितलं. चूक माझी आहे, तिची नाही. आम्ही बुलढाण्याला येणार नाही.

दोघांनी अंगठ्याचं चिन्ह टाकलं. एकानं हात जोडले. पूनम मॅडमनी वाचल्याचं दिसत होतं, त्यांनी काही लिहिलं नाही. त्याखाली लगेच कुणाचा तरी वाढदिवस निघाला आणि शुभेच्छा सुरू झाल्या. बेचाळीस जणांपैकी किती जणांनी त्या दिवशी अंडं पाहिलं होतं, ते मला कधी कळणार नाही. मी धरून त्रेचाळीस.

पुन्हा कृती

दुसऱ्या दिवशी दुपारी, शाळा सुटल्यावर, मी चांदबीच्या दारी गेलो. पुढच्या दारी. म्हणालो, एक अंडं द्या, कोणतंही द्या, आणि कोणतं दिलं ते मला सांगू नका. तिनं टोपलीत हात घालून तीन-चार चाचपली, एक कानाशी धरून हलवलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. मला ते कशाला हवं, हे तिला कळलं असावं.

मी मूठ मिटली नाही. बावीस पावलं उघड्या हातावर अंडं घेऊन चाललो. फारुख टेम्पोतून खाद्याची पोती उतरवत होता, तो थांबून पाहायला लागला. ओट्यावर बाबा होते.

"ते काय हाये?"

"अंडं," मी म्हणालो. या दारात हा शब्द मी पहिल्यांदाच म्हणत होतो.

बाबांनी अंड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

"पोरीच्या हाताले रोज वास येते त्याचा," ते म्हणाले. "मी साबन लावून देतो तिले. ते लेकरू हाये, भेते. तू काऊन भेऊन राह्यला एवढा?"

बाबा म्हणाले, आत नोको नेऊ, अंगणातच कर. आणि माळेवर हात ठेवून त्यांनी तोंड रस्त्याकडे वळवलं.

मी अंगणात लोणच्याची तीच बरणी ठेवली, कॅनचं पाणी भरलं आणि अंजूला बोलावलं. अंडं तिच्या हातात दिलं. तिनं ते दोन्ही हातांत घेतलं, जसं धरायचं असतं तसं. मला तसं धरता येत नाही. तिनं ओट्याकडे पाहिलं. आबांची पाठ दिसत होती.

"काय म्हनायचं हाये?" तिनं विचारलं.

मी म्हणालो की मला माहीत नाही. चांदबीनं मला सांगितलेलं नाही. तू सोड, तू पाहा आणि तू मला सांग.

तरी ती माझ्या तोंडाकडेच पाहत होती. तिथं उत्तर असतं, हे तिला मीच शिकवलं होतं. म्हणून मी उठलो आणि तिच्याकडे पाठ करून भिंतीशी उभा राहिलो.

"तुमी पाहून नाही राह्यले का?"

"नाही."

पाणी हललं तेवढा आवाज आला. मग काही नाही. भिंतीच्या चुन्याला पोपडे आले होते आणि त्यांच्यामधून मुंग्यांची एक रांग चालली होती. वर्गात मी प्रश्न विचारून चार सेकंद थांबतो आणि मग उत्तर सांगतो. चार झाले. दहा झाले. मागं तिचा श्वास काचेजवळून येत होता, जरा घोगरा. ती वाकली असणार. वेणीचं टोक पाण्यात गेलं असणार. मला वळावंसं वाटत होतं. बुडलं का, एवढंच. मानेला कुणी तरी धरून वळवावं इतकं वाटत होतं.

"उभं हाये," ती म्हणाली.

हे माझ्या दोन वाक्यांतलं नव्हतं. पुस्तिकेतलं नव्हतं.

"टोक खाली हाये, आन् जाडं डोकं वर. बुडून निजलं नाही, आन् पोहूनबी नाही राह्यलं. उभं हाये. जरा जरा हलते."

शाब्बास माझ्या जिभेवर आलं. मी ते गिळलं. तिला आता माझा शाब्बास नको होता. आणि दुसरं काय म्हणायचं असतं ते मला सुचेना, म्हणून मी गप्प राहिलो. फार वेळ गप्प राहिलो असेन. कारण मागून तिचा आवाज आला, आता बारीक झालेला.

"सच्ची, पप्पा. मी खोटं नाही बोलून राह्यली. पाहा पाह्यजे तर."

निरीक्षण

उभं आहे. टोक खाली, जाडं डोकं वर. जरा जरा हलतं.

पाहणारी: पुष्पांजली, इयत्ता पहिली.

मी पाहिलं नाही. अंजूनं बरणी रिकामी करेपर्यंत भिंतीकडेच तोंड करून होतो. ती खोटं बोलत नाही हे मला माहीत आहे, असं तिला सांगायला हवं होतं. ते मी तेव्हा सांगितलं नाही; इथं लिहितो.